तोळामासा

त्यांच्या घरात मे महिन्यातही पंखा लागत नाही. पंखा आहे, तो बिघडलेलाही नाही; पण रेग्युलेटरवर आडवी चिकटपट्टी आणि खाली चिठ्ठी: ‘विचारल्याशिवाय लावू नये.’ सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती द्यायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, विजेची काटकसर असेल. पुण्यात असं वाटणं काही गैर नाही. मी कपाळाचा घाम पुसत खुर्ची ओढली, तोच आतून आवाज आला, “शिंक येणार असेल तर आधी बाल्कनीत जा!”

जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड, बोर्डावर नकाशा, नकाशावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर टाचण्यांच्या मधे उभे केलेले लाकडाचे सव्वीस पातळ काप. माशाच्या काट्यासारखे. त्यांना रिब्ज म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की त्यांतली एक रिब माझ्या श्वासानं पडली आणि मी त्या घरात कायमचा संशयित झालो.

सोसायटीत त्यांना सगळे ‘तोळामासा’ म्हणतात. तोंडावर अर्थात काका. एरवी आपण माणसाची प्रकृती तोळामासा म्हणतो. काकांची प्रकृती ठणठणीत आहे, चार मजले जिन्यानं चढतात. तोळामासा असते ती त्यांच्या विमानांची प्रकृती. हे नाव थट्टेत पडलं खरं, पण हिशेबात बसतं. सोनाराच्या जुन्या मापात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे मासा ग्रॅमला जेमतेम कमी. आणि काकांचं सगळं आयुष्य, निदान निवृत्तीनंतरचं, ग्रॅमच्या खालीच चाललेलं असतं.

निवृत्तीआधी ते होते चिंचवडच्या बाजूला एका फोर्जिंगच्या कारखान्यात, डाय शॉपला. तिथे क्रेनशिवाय काही हलत नसे. चौतीस वर्षं टनांत काढलेला माणूस ग्रॅमवर का यावा, याचं उत्तर त्याहून जुनं आहे. कॉलेजात ते एनसीसीच्या एअर विंगला होते. कॅडेटांना विमानांच्या प्रतिकृती करायला लावतात, तशी यांनीही एक केली. मन लावून, भरपूर सरस ओतून, वर ऑइल पेंटचे दोन हात देऊन. परीक्षक म्हणून आलेल्या साहेबांनी ती एका हातानं उचलली, मग दुसरा हात लावला, आणि विचारलं, “हे विमान आहे की दार?”

ते दार काका अजून तासतायत.

आता त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सोनाराचा असतो तसा छोटा डिजिटल काटा असतो, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. लग्नाची पत्रिका दिली, की ते आधी तळहातावर झेलतात, मग उघडतात. हॉबीच्या दुकानात बालसा आणायला मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. एकदाच जावं. बालसा म्हणजे विमानाच्या छंदातलं चंदन. झाड दक्षिण अमेरिकेतलं, जगाला पुरवठा मुख्यतः इक्वेडोरचा. पाच-सात वर्षांत भराभरा वाढतं आणि आत इतकी पोकळी धरतं, की लाकूड म्हणायची लाज वाटावी. पण गंमत अशी, की एकाच गठ्ठ्यातल्या दोन पट्ट्या सारख्या वजनाच्या नसतात. तीन इंच रुंद, छत्तीस इंच लांब, अर्धा सूत जाड अशी एक पट्टी साडेदहा ग्रॅम भरते आणि तिला चिकटून बसलेली, दिसायला जुळी बहीण साडेसतरा. निम्मी लढाई इथेच जिंकायची किंवा हरायची असते, असं काका म्हणतात, आणि या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. घरी येऊन कितीही तासा, जड लाकडाचं हलकं लाकूड होत नाही.

तर काकांनी काउंटरवर काटा मांडला आणि बेचाळीस पट्ट्या तोलल्या. तोलून झाल्यावर एकेक उजेडाकडे धरली. मग वाकवून बघितली. ओंडका कापताना करवत कशी फिरली यावर पट्टीचा स्वभाव ठरतो: एक जात गोल वळते, ती पंखाच्या पुढच्या बाकदार कडेला, दुसरीवर रेशमासारखे ठिपके दिसतात, ती ताठ असते, वाकवली तर मोडेल पण वाकणार नाही, ती रिब्जना. काकांनी ठिपके मोजल्यासारखे बघितले. नख लावून बघितलं. दुकानदार शेवटी म्हणाला, “काका, लाकूड घेताय की स्थळ बघताय?” काकांनी बेचाळिसांतल्या तीन घेतल्या. बाकीच्या एकोणचाळीस ‘पत्रिका जुळत नाही’ अशा चेहऱ्यानं परत ठेवल्या.

घरी काकू भेंडी चिरत होत्या. काका म्हणाले, “अगं, तुला माहितीये का, बालसा आणि भेंडी एकाच कुळातले. कापूस, जास्वंद, काटेसावर, सगळे चुलत भाऊबहीण.” ही माहिती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. काकू म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी त्याचीच भाजी करते. निदान घरात संपेल तरी.”

आता भोकांची गोष्ट. रिब म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाचा आकार. दोन अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांमध्ये सगळे चौकोनी तुकडे बोल्टनं आवळायचे आणि एकदमच पॉलिश पेपरनं घासून काढायचे, म्हणजे सव्वीसच्या सव्वीस सारख्या होतात. डाय शॉपच्या माणसाला हे किरकोळ. काकांची एक रिब भरली ०.१४ ग्रॅम, म्हणजे गुंजेहून थोडी जास्त. तिच्यात गोल भोकं पाडली की वजन ०.१० वर येतं. हे कोरीवकाम नऊ संध्याकाळ चाललं. सव्वीस रिब्जमधून एकूण वाचला एक ग्रॅम.

गंमत म्हणजे भोकांत फारसं काही नसतं, हे काकांना पुरतं ठाऊक आहे. तेच सगळ्यांना सांगत असतात, की वजन रिब्जमध्ये नसतं. ते लांब काठ्यांत असतं, मधल्या स्पारमध्ये, पुढच्या-मागच्या कडांमध्ये, आणि सर्वांत जास्त म्हणजे आपण बेसावधपणे लावलेल्या डिंकात. स्पारवर सगळ्यात जास्त ताण पंखाच्या मुळाशी, टोकाकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणून तो मुळाशी जाड ठेवून टोकाकडे निमुळता करत न्यायचा. टोकावरचा प्रत्येक ग्रॅम दामदुपटीनं त्रास देतो. ते समजावताना काका नेहमी कावडीचा दाखला देतात: खांद्यावर कावड घेऊन गर्रकन वळून दाखवा, मग बोला. इतकं सगळं कळत असूनही ते भोकं पाडतातच. मी कारण विचारलं तर म्हणाले, “भोकं पाडली नाहीत तर झोप येत नाही रे.”

या जातीची माणसं फक्त विमानवाल्यांतच असतात असं समजू नका. सह्याद्रीत भटकणाऱ्यांत सॅकचं वजन कमी व्हावं म्हणून टूथब्रशची दांडी कापणारे असतात. सायकलवाल्यांत घंटी काढून टाकणारे असतात. पण ते निदान काढलेली वस्तू फेकून देतात. काकांकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. रिब्जमधल्या टिकल्या, स्पारचा तासलेला भुसा, छाटलेली टोकं, असं विमानातून जे जे निघालं ते या डब्यात जमा होतं. झाकणावर लिहिलंय ‘वाचवलेले’. पाहुणे आले की लोक अल्बम दाखवतात, काका डबा उघडतात. “हे बघा, एकतीस ग्रॅम!” पाहुणे वाकून भुसा बघतात आणि चेहऱ्यावर काय आणावं हे न कळून चहाचा कप उचलतात. पंखा बंद असल्यामुळे चहाही लवकर निवत नाही.

सांगाडा झाला की त्यावर कागद. हा जपानी टिश्यू, चौरस मीटरला साधारण बारा ग्रॅम. सव्वा मीटरच्या पंखाला खालून-वरून मिळून साडेतीन-चार ग्रॅम कागद लागतो. त्यावर पाण्याचा फवारा मारला की सुकताना तो ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो. मग डोप. हे एक वार्निशासारखं पातळ द्रावण, कागदाची छिद्रं बुजवणारं आणि खालच्या मजल्यापर्यंत वास पोचवणारं. या वासावरून सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला होता. इतिवृत्तात तो ‘गॅसगळतीसदृश वास’ असा नोंदला आहे. कागद आक्रसताना पंख पिळवटतो, म्हणून त्याला चार दिवस बोर्डाला टाचून ठेवायचं. आणि हे सगळं पावसाळ्यात करायचं नाही. हवेत दमटपणा असला की डोपवर पांढुरकी साय धरते, कागद ढिला पडतो, आणि बालसा हवेतलं पाणी पिऊन चक्क वजन वाढवतो. एका जुलैत काकांचा पंख दीड ग्रॅमनं फुगला. काकांनी तो तांदळाच्या डब्यात ठेवायचा विचार मांडला. डबा काकूंचा होता, त्यामुळे विचार मागे पडला.

कागदाला रंग नाही, कारण रंगाला वजन असतं. नातीला मात्र पंखावर आपलं नाव हवं होतं, तेही लाल. काकांनी हिशेब केला: लाल रंग, सहा अक्षरं, ०.४ ग्रॅम. आजोबा आणि इंजिनियर यांच्यात दोन दिवस भांडण झालं. शेवटी नाव पेन्सिलीनं लिहायचं ठरलं. लिहिण्याआधी आणि लिहिल्यावर पंख काट्यावर ठेवला. आकडा हलला नाही. काका इतके खूश झाले, की म्हणाले, “आडनाव पण लिही.”

आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांना विमान शब्द ऐकला की शिवकर बापूजी तळपदे आठवतात. १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, हे ते दर गणेशोत्सवात सांगतात. इतरांशी यावर वाद होतात. काका वाद घालत नाहीत. ते फक्त विचारतात, “असेल हो. पंखाचं वजन किती होतं?” गृहस्थ गप्प होतात. काका खिशातला काटा चाचपतात. एवढ्या एका प्रश्नावर त्या विषयाचा याहून स्वच्छ निकाल मी तरी ऐकलेला नाही.

त्यांचं दैवत दुसरं. पॉल मॅक्रेडी नावाचा अमेरिकन, लहानपणी विमानांच्या प्रतिकृती करणारा. माणसाच्या पायांच्या ताकदीवर चालणारं विमान करणाऱ्याला क्रेमर पारितोषिक होतं, पन्नास हजार पौंडांचं, आणि अठरा वर्षं ते कोणाला मिळत नव्हतं. मॅक्रेडीनं १९७७ साली ‘गॉसमर काँडॉर’ बनवून ते घेतलं. पंखांचा पसारा २९ मीटर. वजन सुमारे ३२ किलो. आपल्या घरी येतो तो भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ तेवढाच असतो. दोनच वर्षांनी त्याच्या पुढच्या विमानानं, ‘गॉसमर अल्बट्रॉस’नं, पायडल मारत इंग्लिश खाडी पार केली. हे सांगताना काकांचा गळा दाटतो. सिलिंडरवाला आला की ते त्याला दारातच थांबवून हे सांगतात. त्याला अजून चार मजले चढायचे असतात.

जागतिक स्पर्धांचे नियम मात्र त्यांना मान्य नाहीत. दोऱ्यानं वर चढवायच्या मोठ्या ग्लायडरला, एफ१ए प्रकारात, किमान ४१० ग्रॅम वजनाची अट असते. “वजन जास्त नको, हे समजू शकतो. कमी नको?” हा त्यांना स्वतःचा वैयक्तिक अपमान वाटतो. त्यांचा ग्लायडर शंभरच्या आत होता. म्हणून स्पर्धेत नेला नाही.

मागच्या वर्षी इंजिनियरिंगची दोन पोरं त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांनी थर्माकोलसारख्या फोमचा पंख गरम तारेनं कापला होता, मधे कार्बनचा रॉड घातला होता आणि वरून ब्राऊन टेप गुंडाळली होती. हो, खोकी बांधायची. काकांनी तो पंख हातात घेतला आणि परीक्षक साहेबांसारखाच दुसरा हात लावला. पोरं म्हणाली, “काका, उडतंय ना पण.” आणि ते उडतही होतं. आपटलं की पोरं आणखी टेप लावायची आणि पुन्हा उडवायची. संध्याकाळी ग्राउंडवर काका हे बघत उभे राहायचे. रागावून नाही, एखाद्या शास्त्रीय गायकानं लग्नाच्या वरातीतला बँड ऐकावा तसे. वजन निम्मं केलं तर तरंगायला लागणारा वेग निम्मा होत नाही, ७० टक्क्यांवर येतो, हे त्यांनी पोरांना वर्गमुळासकट समजावलं. पोरांनी माना डोलावल्या आणि टेप मागितली.

विमानशास्त्र मात्र काकांशीही निष्ठुर वागतं. तोलबिंदूपासून शेपटीला नाकाच्या तिप्पट अंतर असेल, तर शेपटीतला एक ग्रॅम तोलायला नाकात तीन ग्रॅम घालावे लागतात. एवढं तासून-कोरून शेवटी काकांच्या ग्लायडरच्या नाकात शिसं बसलंच, अकरा ग्रॅम, म्हणजे जवळपास तोळाभर. त्या शिशाबद्दल घरात कोणी बोलत नाही. घरातून पळून गेलेल्या काकाबद्दल बोलत नाहीत, तसं.

आणि इथेच घड्याळाची गोष्ट येते. मोकळ्या उडणाऱ्या ग्लायडरला धोका पडण्याचा नसतो; न पडण्याचा असतो. उन्हानं तापलेली हवा वर चढते, ग्लायडर तिच्यात सापडला की तोही चढतो आणि निघून जातो. म्हणून त्याच्यावर एक चिमुकलं टायमर बसवतात. ठरावीक वेळ झाली की ते शेपटीचा दोरा सोडतं, शेपटी रबरबँडनं ताडकन वर उचलली जाते आणि विमान पाळणा खाली यावा तसं आडवंच अलगद उतरतं. काकांनी टायमर आणलं होतं. सहा ग्रॅमचं. तीन महिने पंखातून एकेक मासा खरवडून काढायचा आणि मग अंगावर सहा माशांचं घड्याळ बांधायचं, हे त्यांना सोसेना. पोरांतला एक म्हणाला, “काका, नाकातच बसवा की, तेवढं शिसं काढून.” अगदी बरोबर बोलला. पण नाक बंद करून, घासून, डोप मारून झालं होतं, आणि पंचविशीच्या पोराचं ऐकून ते फोडायचं कसं? टायमर श्रीखंडाच्या डब्यात गेलं. नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी चिकटवतात, तीही गेली. ०.३ ग्रॅम.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. ग्लायडर मांडीवर घेऊन काका रिक्षात बसले. रिक्षावाल्याला स्पीडब्रेकरगणिक सूचना. वर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मी दोरा घेऊन पळालो, पतंग चढवताना पळतात तसा. काकांनी हात सोडला. दोऱ्याला ओढ अशी लागलीच नाही. ग्लायडर वर गेला, डोक्यावर येऊन कडी सुटली, आणि कुत्र्यांना फिरवायला आलेले लोकसुद्धा थांबून बघू लागले. आवाज नाही, घाई नाही. उन्हात कागदातून सव्वीसच्या सव्वीस रिब्ज दिसत होत्या, भोकांसकट. भोकांचा उपयोग मला तेव्हा कळला. ती खालून फार सुंदर दिसतात.

काकांची अपेक्षा मिनिटभराची. दीड मिनिट झालं. तेवढ्यात एक घार आली, पंख न हलवता गोल गोल फिरू लागली, आणि ग्लायडर तिच्या वर्तुळात शिरला. काकांच्या हातात स्टॉपवॉच. चार मिनिटं. ग्लायडर खाली यायच्याऐवजी लहान होत चालला. सहा मिनिटं. घारीनं कंटाळून वर्तुळ सोडलं. याला कंटाळा माहीत नव्हता. पोरगा हळूच म्हणाला, “काका, टायमर...” काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. अकराव्या मिनिटाला तो ठिपका झाला आणि पश्चिमेच्या वाऱ्यानं शहराकडे सरकू लागला. मग आकाशात फक्त आकाश उरलं. काकांनी स्टॉपवॉच थांबवलं, आकडा वहीत लिहिला आणि म्हणाले, “हवेला वजनच लागलं नाही रे त्याचं.” आवाज कसा होता म्हणाल, तर मुलीची वरात वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बापाचा असतो तसा.

त्या दुपारी त्यांच्या घरात पंखा लागला. पाचवर.

तर मंडळी, सेनापती बापट रस्ता, प्रभात रस्ता, डेक्कन या भागात राहत असाल तर जरा गच्चीवर जाऊन बघा. पाण्याच्या टाकीमागे, डिश अँटेनावर, गुलमोहराच्या फांदीत. पांढरा कागदी पंख, सव्वा मीटर लांब, खालच्या बाजूला पेन्सिलीनं एका मुलीचं नाव, आडनावासह. सापडला तर या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. उचलताना मधोमध धरा, टोकाला नको. आणि काट्यावर ठेवू नका. इतके दिवस उघड्यावर राहून दवानं त्याचं वजन वाढलं असणार, आणि ते काकांना कळता कामा नये.